कोन्याकचा चातुर्मास

आमच्या घरातल्या कोन्याकच्या बाटलीनं यंदा आषाढी एकादशीपासून चातुर्मास धरला.

तसं तिनं मला आदल्या दिवशी रीतसर विचारलं होतं. मी देवघराखालच्या कपाटातून कापूर काढत होते. "काकू," ती आतून म्हणाली, "उद्यापासून मी काहीतरी सोडीन म्हणते." तोंडाला बूच असल्यामुळे तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. मी म्हटलं, सोड की. चातुर्मासात कोणी कांदा सोडतं, कोणी वांगं. माझी एक मावससासू चार महिने मीठ सोडायची आणि पाचव्या महिन्यात सगळ्यांवर खेकसायची. बाटलीनं थोडा विचार केला. "माझ्याजवळ सोडण्यासारखं एकच आहे. मी ओतलं जाणं सोडते. कार्तिकी एकादशीपर्यंत."

"झेपेल तेवढंच धर हो," मी म्हटलं. "घेतलेलं अर्ध्यावर टाकणं बरं नव्हे."

"वर्षातून चारदा तर मला उघडतात, काकू. न झेपायला काय झालं?"

ते खरंच होतं. आमचे हे, म्हणजे भालचंद्र गायधनी, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. पिणारे म्हणावेत असे ते नाहीत. स्वतःचा वाढदिवस, आमच्या लग्नाचा वाढदिवस, एकतीस डिसेंबर आणि गणपती गेल्यानंतरचा पहिला रविवार, एवढेच दिवस. संध्याकाळी सात वाजता, दोन बोटं. त्याचा परवानाही त्यांनी काढलेला आहे आणि प्लास्टिकमध्ये घालून घराच्या कागदांबरोबर ठेवलेला आहे. गोल पोटाचा पेला तळहातावर धरून पाव तास नुसता वास घेतात, मग जिभेवर थेंबभर. पाणी नाही, बर्फ नाही. कोन्याक म्हणजे फ्रान्समधल्या त्याच नावाच्या गावची ब्रँडी, पण आमची बाटली काही फार मोठ्या घराण्यातली नव्हे. लेकीकडून दुबईहून परतताना विमानतळावरच्या दुकानात ती सगळ्यांत खालच्या फळीवर उभी होती. वरच्या फळ्यांवर तिच्या थोरल्या बहिणी मखमलीच्या पेट्यांत बसल्या होत्या. त्यांच्याकडे हे हात मागे बांधून बघून आले आणि हिला घेऊन आले. "आपल्याला परवडणारी आहे, पण गाव तेच," असं हे तिच्याबद्दल सांगतात, एखाद्या स्थळाची माहिती द्यावी तसं.

देवघराखाली ठेवायचं कारण एवढंच, की आमच्या घरात कुलूप लागणारं कपाट ते एकच. तीन वर्षं तिथं बसून तिनं माझे सोमवार ऐकले, संकष्ट्या ऐकल्या, सगळ्या कहाण्या ऐकल्या. संगतीचा परिणाम होतोच. गंगापूर रोडवरच्या या घरात श्रावण पाळणारी आजवर मी एकटी होते. आता दोघी झालो, याचं मला खरं तर बरंच वाटलं.

अडचण आली ती बापूभाऊजींमुळे.

बापूभाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, राहणार धुळे. त्यांची बायको शैला हिचा श्रावण लागता लागता फोन आला. मुलानं कॅनडाला कायमचं बोलावलं होतं, कागद झाले होते, धुळ्याचं घर आवरून झालं होतं. "येत्या शुक्रवारी मुंबईला निघतोय, वहिनी. वाटेत तुमच्याकडे दोन तास थांबू. चार ते सहा. परत काही येणं व्हायचं नाही आता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे नको म्हणत होते. मी म्हटलं, मला वहिनींना भेटायचंय. तुम्ही सख्ख्या भावाशी बोलू नका वाटलं तर."

दोघा भावांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. शेती नाही, घर नाही, दागिने नाहीत. झालं होतं असं, की आधीच्या बाटलीच्या वेळी, एका एकतीस डिसेंबरला, बापूभाऊजींनी ह्यांच्यासमोर आपल्या पेल्यात कोला ओतला. थंड, काळा, फेसाळ. ह्यांनी पेल्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि म्हणाले, "बापू, तू हे पाणीपुरीत घालून का नाही पीत?" बापूभाऊजींनी पेला तसाच खाली ठेवला, मफलर गुंडाळला आणि धुळ्याची एसटी पकडली. तेव्हापासून दिवाळीला मी आणि शैला फोनवर बोलतो आणि दोघं भाऊ मागून निरोप सांगतात.

फोनचं सांगितल्यावर हे बराच वेळ पेपराची घडी घालत बसले. घडी घालून झाल्यावर उलगडून परत घातली. मग म्हणाले, "मी त्याला माझ्या हातानं एक पेला भरून देईन."

"आणि काय बोलाल?"

"बोलायचं काय त्यात? भरलेला पेला दिला की कळतं माणसाला."

ह्यांनी 'चुकलो' असं आयुष्यात म्हटलेलं नाही. माझ्या पायावर पाय पडला तर "तुझा पाय नेहमी मधे असतो" म्हणतात. त्यामुळे भरलेला पेला म्हणजे खूपच झालं, असं मलाही वाटलं. पण मला एक सांगणं भाग होतं.

"अहो, तिचा चातुर्मास चालू आहे."

हे उठले, कपाट उघडलं आणि बूच फिरवून बघितलं. ते हललं नाही. गरम फडकं गुंडाळून बघितलं. मग पक्कड आणली, तेव्हा मात्र मी मधे पडले. दुसऱ्याचं व्रत मोडायला लावणाऱ्याचं पुढं काय होतं, हे मी चाळीस वर्षं दर श्रावणात वाचत आले आहे. त्यातल्या एकाचाही शेवट चांगला झालेला नाही.

"जोर करू नका, काका," बाटली नम्रपणे म्हणाली. "तुमचाच हात दुखेल."

ह्यांची सगळी नोकरी सरकारी. जोर चालत नाही म्हटल्यावर त्यांनी अर्ज लिहिला. 'विषय: व्रतातून एक वेळची सवलत मिळणेबाबत.' खाली महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून, वगैरे सगळं, आणि जोडपत्र म्हणून परवान्याची झेरॉक्स. तिला वाचता येतं की नाही याची खात्री नव्हती, म्हणून उभं राहून वाचून दाखवला.

"नामंजूर," बाटली म्हणाली. "पण अक्षर छान आहे."

"कारण?"

"एकदा सवलत दिली की ते व्रत राहत नाही, काकांची सोय होते."

तिचं म्हणणं बिनतोड होतं. हे दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन गेले आणि त्याच नावाची दुसरी बाटली घेऊन आले. इथल्या दुकानातही ती सगळ्यांत खालच्या फळीवरच होती म्हणे. इथपर्यंत ठीक होतं. पण सवयीनं त्यांनी ती नेऊन त्याच कपाटात ठेवली, पहिलीच्या शेजारी. बारा वाजता जेवायला बसण्याआधी, उघडते का बघू, म्हणून काढायला गेले तर हिचंही बूच हलेना. दोन तासांत हिनंही धरलं होतं. आणि नवीन माणूस उत्साहाच्या भरात जरा जास्तच करतं, तसं हिनं वर मौनही धरलं होतं.

"हिच्याशी तर बोलणीही करता येत नाहीत," हे म्हणाले आणि वरणभातावर तूप घ्यायचं विसरले.

शेवटी मी आमच्या पुराणिक गुरुजींना फोन लावला. स्पीकर चालू करून मोबाइल कपाटापाशी ठेवला. गुरुजी कुठल्याशा वास्तुशांतीत होते, पण त्यांनी नीट वेळ देऊन विचारलं.

"व्रत कोणी धरलंय?"

"आमच्याकडच्या बाटलीनं, गुरुजी. कोन्याकची आहे."

"गोत्र?"

"ठाऊक नाही," बाटली आतून म्हणाली. "जन्म फ्रान्सचा."

"ठाऊक नसलं की कश्यप धरायचं. कुमारिका की सवाष्ण?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले. "पूर्वी उघडलेली आहे, गुरुजी," मी म्हटलं.

"मग सवाष्ण धरा. अडचण काय आहे?"

मी शुक्रवारचं सांगितलं. पलीकडे कोणीतरी गुरुजींना समिधा कुठे ठेवू म्हणून विचारत होतं. त्याला उत्तर देऊन गुरुजी म्हणाले, "हे बघा, ज्या संकल्पानं व्रत धरलं, त्याचं फळ हाती आलं की उद्यापन करायला हरकत नाही. मग तो कितवाही दिवस असो. मेहूण बोलवायचं, नवराबायकोला पाटावर बसवून मनाजोगतं वाढायचं, जाताना वाण द्यायचं. संकल्प काय आहे तो तिला विचारा. आणि बाईंना म्हणावं, उपास फार कडक करू नका." त्यांनी फोन ठेवला.

मला स्वतःचीच लाज वाटली. इतकी व्रतं केली, दुसऱ्यांची करवून घेतली, आणि घरातल्या बाटलीला संकल्प काय म्हणून मी विचारलंच नव्हतं.

"काय मागितलं होतंस गं?"

बाटली म्हणाली, "गॅलरीत मनीप्लँट लावलेली ती आहे ना, ती तुमची आधीची बाटली, आमच्यातलीच. गेल्या दिवाळीत तुम्ही कपाट धुतलंत आणि मला तिच्याशेजारी उन्हात ठेवलंत, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. एकतीस डिसेंबरचं. फार लागलंय तिच्या मनाला. माझ्यासारखीच एक या घरात येते आणि दोन भावांच्या मधे उभी राहते, म्हणजे काय? ते दोघं बोलते व्हावेत, म्हणून मी धरलं."

"अगं वेडे," मी म्हटलं, "मग तू उघड की! तुझ्यामुळेच तर बोलणार आहेत."

"काका बोलणार नाहीत, काकू. पेला देणार आहेत. मी ओतली गेले की दोघं माझ्याबद्दल बोलतील. रंग कसा, वास कसा. सहा वाजतील आणि गाडी जाईल." तिनं श्वास घेतल्यासारखं वाटलं. "आधी फळ. मग उद्यापन."

हे मागे उभे होते. "म्हणजे मी कोरड्या घशानं बोलायचं?"

"हो," बाटली म्हणाली.

गुरुवारी हे अंघोळीला गेले तेव्हा आतून "बापू..." असं ऐकू आलं. मग बादलीत पाणी सोडल्याचा आवाज. मग परत "बापू..." आणि परत पाणी. त्या दिवशी वरची टाकी रिकामी झाली.

शुक्रवार उजाडला. श्रावणातला शुक्रवार म्हणजे जिवतीची पूजा, त्यामुळे पुरण घरात होतंच, आणि नैवेद्याला फुटाणे असतातच; सोबतीला म्हणून वेगळं काही करावं लागलं नाही. मी बाटलीला कोमट पाण्यानं पुसलं, गळ्यावर हळदीकुंकू लावलं आणि दिवाणखान्यात पाटावर बसवलं. भोवती रांगोळी काढली. दोन पाट मेहुणासाठी मांडून ठेवले. उद्यापन होईल की नाही ठाऊक नव्हतं, पण पाट मांडायला काय जातं?

बरोबर चारला गाडी आली. बापूभाऊजी वाळले होते, केस पार पांढरे. आत आले, पाटाकडे बघितलं.

"वहिनी, ही अशी का बसलीय?"

"चातुर्मास धरलाय तिनं."

"अच्छा," बापूभाऊजी म्हणाले आणि सोफ्याच्या एका टोकाला बसले. दुसऱ्या टोकाला हे होते. शैलानं आल्या आल्या बाटलीला हळदीकुंकू लावलं. बाटलीनंही तिला "अखंड सौभाग्यवती भव" म्हटलं, कारण व्रतामुळे त्या दिवशी मान बाटलीचाच मोठा होता. वय कोणी विचारलं नाही.

"अगं, त्यांना विचार, प्रवास कसा झाला," हे मला म्हणाले.

"सांगा वहिनी, बरा झाला," बापूभाऊजी म्हणाले.

"रस्ता कसा आहे विचार."

"खड्डे आहेत म्हणावं. पूर्वीचेच."

मी आणि शैलानं पुरणपोळीवर, नातवावर, कॅनडातल्या भाज्यांवर जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं. साडेचार झाले, पाच झाले. सव्वापाचला ड्रायव्हर दारात येऊन सांगून गेला, की कसारा घाटात गर्दी आहे, सहाच्या पुढे थांबू नका. बापूभाऊजींनी बुटांकडे बघितलं. शैलानं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण हातानं ती फुटाणे निवडत होती.

आणि हे खाकरले.

"बापू."

सहा वर्षांनी पहिली हाक.

"हं."

"तिकडे थंडी फार असेल."

"असणारच."

"स्वेटर आहेत?"

"दोन आहेत."

मी हळूच बाटलीकडे झुकले. "बोलले की गं!"

"हवापाण्याचं धरत नाहीत, काकू," ती कुजबुजली.

पाच पंचवीस. हे एकदम उठले. खुंटीवरची कापडी पिशवी घेतली, दाराशी जाऊन चपला पायांत घातल्या. बापूभाऊजींचा चेहरा उतरला. भाऊ शेवटच्या अर्ध्या तासात घराबाहेर चालला म्हटल्यावर कोणाचाही उतरेल.

"अहो, निघालात कुठे?" मी म्हटलं.

ह्यांनी मागे वळून बघितलं नाही. दाराच्या कडीला म्हणाले, "बापू, तुझं ते काळं. थंडच आणायचं ना?"

बापूभाऊजी पंख्याकडे बघायला लागले. पंखा बराच वेळ फिरला.

"थंडच आण, दादा."

"किती आणू?"

"आण लहान. फार नको. तुला आवडत नाही."

"माझं काय मधे?" हे म्हणाले. "मोठी आणतो. हवं तेवढं घाल." मग कडी हातात धरूनच म्हणाले, "तेव्हाही घालू द्यायचं होतं मी. तोंड आवरायचं होतं."

पाटावर टक्क असा आवाज झाला. बूच आपण होऊन वर आलं होतं आणि शेजारच्या रांगोळीत जाऊन बसलं होतं.

"आता मेहूण बसवा," बाटली म्हणाली. आवाज एकदम मोकळा, घंटेसारखा. तीन वर्षांत बुचाशिवाय तिला बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

हे धावत गेले आणि धावत आले. वय वर्षं एकाहत्तर. बापूभाऊजी आणि शैला पाटावर बसले, मी दोघांचे पाय धुतले, ह्यांनी स्वतः दोन दोन बोटं वाढली. मग बापूभाऊजींनी कोलाची बाटली उघडली आणि पेला काठोकाठ भरला. फेस वर आला. ह्यांनी एकदाच डोळे मिटले आणि उघडले. पुरणाची पोळी मोडत, मधेच फुटाणे तोंडात टाकत बापूभाऊजी प्यायले आणि पेला भावापुढे केला. "घे ना एक घोट."

ह्यांनी घेतला.

"कसं लागतं?"

"गोड आहे," हे म्हणाले.

"खोटं बोलतोस."

"गोड आहे म्हटलं ना, गाढवा."

मग दोघं बोलत सुटले. कोणत्या मास्तरांनी कोणाला कधी बडवलं, आणि विहिरीत बादली नक्की कोणी टाकली. शैलानं पदर सावरून आपला पेला संपवला आणि परत पुढे केला. सवाष्णीला आग्रह करायचा असतो. तिनं आग्रहाची वाट बघितली नाही एवढंच.

मेहुणाला वाढून उरतं तो प्रसाद. प्रसादाला मी जन्मात नाही म्हटलेलं नाही. उजवा तळवा पुढे केला, खाली डावा धरला. हे म्हणाले, "अगं तीर्थ नव्हे ते. पेल्यात घे. आधी वास."

मी वास घेतला. जुन्या लाकडी पेटीत मनुका ठेवून विसरून जावं आणि दोन वर्षांनी पेटी उघडावी, तसा. मग जिभेवर थेंबभर. आधी पोळलं, मग पोळणं सरकत सरकत खाली गेलं आणि छातीत जाऊन समईसारखं लागून राहिलं. पाठोपाठ वेलदोडा, नारिंगाची साल, आणि शेवटी काहीतरी असं, की ज्याचं नाव मला येत नव्हतं. ते शोधायला दुसरा घोट लागला.

"आणखी थोडा प्रसाद मिळेल का?" मी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू चव्वेचाळीस वर्षं ज्या बाईला ते ओळखत होते तिची धाकटी बहीणच आली आहे. वाढलं मात्र भरघोस.

सहाला पाच मिनिटं असताना बाटली म्हणाली, "वाण राहिलं, काकू."

"मी देते हो. नारळ, खण काढून ठेवलाय."

"व्रत माझं, वाण मीच द्यायला हवं. माझ्याजवळ माझ्याशिवाय काही नाही." ती थांबली. "चार बोटं उरलेय अजून. मी या दोघांबरोबर जाते."

हे उठले. आत गेले, आपला हातानं विणलेला तपकिरी स्वेटर आणला, बूच घट्ट लावलं, वरून चिकटपट्टी फिरवली आणि बाटलीला स्वेटरात गुंडाळून बापूभाऊजींच्या मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध झोपवलं. "तीन झाले स्वेटर," म्हणाले. मी शेजारी पंचांग ठेवलं. तिकडे तिथी कोण सांगणार तिला?

गाडीपाशी बापूभाऊजींनी वाकून ह्यांना नमस्कार केला. "जातो, दादा."

"जातो म्हणू नये."

"आता कायमचाच चाललोय, त्याला काय म्हणायचं?"

"जातो म्हणायचं नाही," हे म्हणाले. "घरातून निघताना काय म्हणायचं हे आईनं तुला शिकवलेलं आहे."

बापूभाऊजी गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. "येतो, दादा."

"ये."

तेवढ्यात डिकीतून, बॅगेतून, स्वेटरातून, सर्दी झाल्यासारखा आवाज आला. "येते हं, काकू."

"ये गं," मी म्हटलं. ड्रायव्हरनं डिकी हळू लावली.